चालतंय की! पण बरोबर चालतंय का?

हातानं जोडलेल्या कॉम्प्युटरचा स्पीड फुकटात वाढवता येतो, हे खरंय. पण त्या फुकटचं बिल कधी आणि कुठे येतं, ते आधी ऐका...

परवा कर्वे रोडवर कॉफी पिता पिता एका मैत्रिणीनं बॉम्ब टाकला. ‘अगं, मी पीसी असेम्बल केला! आता ओव्हरक्लॉक करायचाय. तू केलायस ना? किती वेळ लागतो?’

‘करायला पाच मिनिटं,’ मी म्हटलं. ‘आणि केलेलं बरोबर आहे की नाही, हे कळायला दोन दिवस.’

‘दोन दिवस? ते कशाला? चालू झाला म्हणजे झालं ना!’

नेमकं हेच मी वर्षभरापूर्वी म्हणाले होते. चालतंय की! या दोन शब्दांवर आपण मराठी माणसं अख्खं आयुष्य काढतो. गळका नळ, खरखरता पंखा, किक मारल्याशिवाय सुरू न होणारी स्कूटर... चालतंय की. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र हे दोन शब्द मला जाम महागात पडले. पैशांत नाही, आजीच्या आवाजात. ते सांगतेच. पण आधी थोडा फंडा क्लिअर करू.

ताशा आणि ढोल

पुण्यात राहणाऱ्याला ओव्हरक्लॉकिंग समजावणं एकदम सोप्पं आहे. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांची प्रॅक्टिस चालते ना, ती आठवा. ताशा लय देतो आणि ढोल त्या लयीवर पडतात. प्रोसेसरच्या पोटातही असाच एक ताशा असतो. त्याचं नाव क्लॉक. मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठेका देतो आणि प्रोसेसर त्याला एका आकड्यानं गुणतो. गुणक ४४ असला की झाले ४.४ गिगाहर्ट्झ. म्हणजे सेकंदाला ४४० कोटी ठोके! दोन ठोक्यांमधल्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ७ सेंटिमीटर पुढे सरकतो. तेवढ्यात चिपमधल्या सर्किटला आपलं गणित उरकून उत्तर तयार ठेवायचं असतं.

आता ताशेवाल्यानं लय वाढवली तर? पट्टीचे वादक काही काळ निभावून नेतात. मग कुणाचा तरी टोला चुकतो. गंमत म्हणजे, तरीही आवाज काही थांबत नाही. लांबून ऐकणाऱ्याला वाटतं, काय सही वाजतंय! ठेका चुकलाय हे फक्त कान देऊन ऐकणाऱ्याला कळतं. ओव्हरक्लॉकिंगचा सगळा धोका या एका गोष्टीत आहे.

वादकांच्या हातात जोर यावा म्हणून त्यांना जसं मध्ये काहीतरी खायला घालतात, तसं प्रोसेसरला जास्त व्होल्टेज देता येतं. मग ट्रान्झिस्टर भराभर उघडझाप करतात आणि वाढलेली लय पकडतात. पण इथे शाळेतलं गणित आडवं येतं. विजेचा खप स्पीडच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे स्पीड १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, तर खप वाढतो तब्बल ३३ टक्के. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. मिळालं १० टक्के, तापलं ३३ टक्के. सौदा बघा!

पेन्सिलीचे दिवस

हा सौदा एके काळी मात्र झक्कास होता. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. नावाप्रमाणे ३०० मेगाहर्ट्झचा, गरिबांचा प्रोसेसर. पण मदरबोर्डवरचा मूळ ठेका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की यातले बरेचसे नग थेट ४५० मेगाहर्ट्झवर पळायचे. स्पीडमध्ये दीडपट वाढ, आणि तीही कितीतरी महागड्या पेन्टियम टूच्या तोडीची! २००० च्या सुमाराला एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉनवर लोक चक्क शिसपेन्सिल चालवायचे. चिपच्या पाठीवर काही बारीक जोडण्या कंपनीनं तोडलेल्या असायच्या. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे त्या जागी रेघ ओढली की गुणकाचं कुलूप उघडायचं. २००७ च्या आसपास कोअर टू क्वाड क्यू ६६०० वर पोरांनी २.४ गिगाहर्ट्झचे ३ गिगाहर्ट्झ सर्रास केले.

तेव्हा हे जमायचं, कारण कंपन्या प्रोसेसरला बऱ्याच मोकळ्या मापानं विकायच्या. आतला मसाला बहुतेक वेळा जास्त स्पीडच्या लायकीचा असायचा, पण लेबल कमीचं लावलेलं असायचं. आता ते दिवस गेले. आजचा प्रोसेसर स्वतःच स्वतःला पळवतो. माझ्याकडे २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० आहे. त्याचा मूळ स्पीड ३.५ गिगाहर्ट्झ. पण काम पडलं आणि तापमान ताब्यात असलं, की तो न सांगता ४.४ पर्यंत जातो. लिंबू कंपनीनंच पिळून ठेवलंय मंडळी, आपल्या हातात सालीचे थेंब.

हो, २०२४ मध्ये इंटेलचा आय ९ १४९००केएस ९.१ गिगाहर्ट्झपर्यंत नेल्याचा विक्रम झाला. पण त्यासाठी लिक्विड हेलियम ओतावं लागलं होतं. तुमच्या-माझ्या वन बीएचकेमध्ये ते शक्य नाही. आपल्याला खऱ्या वापरात चार-सहा टक्के मिळाले तरी खूप झाले.

मग करायचंच कशाला? मला विचाराल तर दोन कारणांसाठी. एक म्हणजे, आपल्या हातानं जोडलेलं मशीन आतून कसं वागतं, हे यातूनच कळतं. आणि दुसरं, यातला एक भाग अगदी हक्काचा आहे आणि तो बहुतेक लोक दुकानातच विसरून येतात. त्याच भागापासून माझी गोष्ट सुरू होते.

माझा शहाणपणा

मी आणि मामाचा मुलगा, आमचा सुशिक्षित बेकार दादा, आम्ही दोघांनी एका रविवारी हॉलमध्ये पेपर पसरून पीसी जोडला. सुटे भाग तापकीर गल्ली पालथी घालून आणलेले. दुकानदार प्रश्न माझे ऐकायचा आणि उत्तरं दादाला द्यायचा, तो भाग सोडा. त्यात ३६०० स्पीडची रॅम होती, बॉक्सवर मोठ्ठ्या आकड्यात लिहिलेली. तीन महिन्यांनी सहज टास्क मॅनेजर उघडून पाहिलं, तर रॅम पळतेय २१३३ वर!

दुकानदारानं फसवलं नव्हतं. रॅम आधी सुरक्षित, ठरलेल्या स्पीडवरच सुरू होते. बॉक्सवरचा स्पीड हवा असेल तर बायॉसमध्ये जाऊन त्याचं प्रोफाइल ऑन करावं लागतं. इंटेलचं नाव एक्सएमपी, आणि डीडीआर ५ साठी एएमडीनं २०२२ मध्ये आणलेलं एक्स्पो. एक क्लिक, सेव्ह, रीस्टार्ट, आणि रॅम ३६०० वर. मला एकदम लॉटरी लागल्यासारखं झालं.

इथे थांबले असते तर हा कॉलम लिहायची वेळ आली नसती. पण ३६०० होतंय म्हटल्यावर ३८०० का नाही? रायझनमध्ये रॅमच्या स्पीडला आतल्या एका दळणवळणाच्या रस्त्याचा स्पीड जोडलेला असतो. ३६०० ला तो १८०० मेगाहर्ट्झवर असतो, ३८०० ला १९०० वर. माझ्या चिपला ते १९०० झेपत नव्हते आणि रॅमलाही ३८०० झेपत नव्हते. पण मला ते कळणार कसं? विंडोज सुरू झालं. दोन तास गेम खेळले, एकदाही हँग नाही. एक बेंचमार्क चालवला, आकडा आधीपेक्षा मोठा आला. दादाला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर, ‘चालतंय की!’

त्या दिवाळीत मी पाटणला आजीकडे गेले होते. आजीच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. सहा भाग. जात्यावरच्या ओव्या एका भागात आणि कोयनेच्या भूकंपाची रात्र एका भागात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आजी नवी नवरी होती, विशीही ओलांडली नव्हती. अंधारात घराबाहेर कसे पळाले, कोण आत राहिलं, सकाळी काय दिसलं, सगळं तिनं सांगितलं. एका जागी ती बराच वेळ गप्प झाली. मीही काही बोलले नाही. रेकॉर्डिंग चालूच होतं.

पुण्यात आल्यावर फाइल्स पीसीवर घेतल्या, झिप करून नीट ठेवल्या आणि फोनमध्ये जागा नव्हती म्हणून तिथून उडवल्या. दीड महिन्यानं लेख लिहायला झिप उघडली, तर एरर. सीआरसी फेल. म्हणजे फाइल बांधताना जो हिशेब लिहून ठेवला होता, तो आता जुळत नाही. पुन्हा केलं. दुसऱ्या सॉफ्टवेअरनं केलं. दादाच्या लॅपटॉपवर केलं. नाही म्हणजे नाही.

त्या रात्री पहिल्यांदा मी रॅमची खरी टेस्ट लावली. दहा मिनिटांत स्क्रीन लाल झाली. मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला, जो मी त्याआधी कधीच उघडला नव्हता. तिथे हार्डवेअर एररच्या नोंदींची रांग. मशीन बिचारं रोज लिहून ठेवत होतं की माझं काहीतरी चुकतंय. वाचणारं कुणी नव्हतं.

झालं होतं असं, की रॅममध्ये अधूनमधून एखादा आकडा बदलत होता. शून्याचा एक, एकाचा शून्य. गेममध्ये तो बदलला तर एखाद्या झाडाचा रंग क्षणभर चुकतो, कोण बघतंय? पण झिप बांधताना बदलला तर पुढचं सगळं बिघडतं. क्रॅश झालेला कॉम्प्युटर परवडला. तो निदान ओरडून सांगतो. न क्रॅश होणारा, पण चुकीचं लिहिणारा कॉम्प्युटर सगळ्यात वाईट.

सहापैकी चार भाग मी मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, ते तिच्या फोनमध्ये मिळाले. ओव्या आणि भूकंप, हे दोन गेले.

आधी हे बघा

आता तुम्हाला घाबरवून झालं, तर कामाचं बोलू. बायॉसला हात लावण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली, तुमच्याकडे जे आहे ते ओव्हरक्लॉक होतं का? इंटेलमध्ये त्यासाठी नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीच्या डेस्कटॉप रायझनमध्ये बहुतेक सगळे खुले असतात, पण बोर्ड बी किंवा एक्स मालिकेचा हवा. अपवाद आहेत. उदाहरणार्थ, ५८००एक्स३डी चा गुणक कुलूपबंद आहे. आपल्या मॉडेलचं पान कंपनीच्या वेबसाइटवर वाचून घ्या. आणि हो, ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे गृहीत धरूनच पुढे जा.

दुसरी, एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, नाव-गाव नसलेला एसएमपीएस असेल तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार आत्ताच सोडा. भिंतीतली वीज प्रोसेसरपर्यंत स्वच्छ पोचवणं त्याचं काम. तो डळमळला तर बाकी सगळं व्यर्थ. अर्थिंग नीट आहे ना, तेही इलेक्ट्रिशियनला बोलावून बघून घ्या. आणि लाइट जाणाऱ्या भागात राहत असाल तर यूपीएस पाहिजेच. बायॉस अपडेट करताना लाइट गेली तर मदरबोर्ड गप्प बसतो, तो बसतोच.

तिसरी, बायॉस अपडेट. कंटाळवाणं वाटेल, पण यामागे अलीकडचा इतिहास आहे. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० प्रोसेसर, विशेषतः एक्स३डी वाले, मदरबोर्डवर अक्षरशः जळाले. रॅमचं प्रोफाइल ऑन केल्यावर काही बोर्ड चिपच्या एका भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. मग एएमडीनं नवीन फर्मवेअर काढून त्या व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं प्रकरण गाजलं. ते प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होते आणि त्यानं चिप कायमची झिजत होती. कंपनीनं ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दुरुस्त्या आणल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झिजलेली चिप दुरुस्तीनं परत धड होत नाही. जे कंपन्यांच्या हातून झालं, ते आपल्या हातून होणार नाही असं समजू नका. म्हणून माझा नियम आहे, पहिलं वर्षभर हातानं व्होल्टेज वाढवायचं नाही. बास.

चौथी, खोली. परदेशी व्हिडिओंमध्ये बोलणारा माणूस बहुतेक वेळा वीस-बावीस डिग्रीच्या खोलीत बसलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पंखा फुल्ल असूनही खोली ३४-३५ डिग्री. नागपूर-अकोल्याला तर बोलायलाच नको. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १२ डिग्रीनं तापली, की चिपही साधारण तेवढीच वर जाते. जानेवारीत पास झालेली सेटिंग मे महिन्यात नापास होते ती यामुळेच. कॅबिनेट उघडा, धूळ काढा, हवा पुढून आत आणि मागून बाहेर जातेय ना ते बघा. माझ्या मशीनमध्ये नुसत्या साफसफाईनं आणि थर्मल पेस्ट बदलून ६ डिग्री कमी झाले. हेही एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच, कारण थंड चिप आपोआप जास्त वेळ वरच्या स्पीडवर राहते.

आता करा!

आधी बॅकअप. पीसीच्या बाहेर, वेगळ्या हार्ड डिस्कवर. आणि बॅकअप घेतल्यावर त्यातल्या दोन-चार फाइल्स उघडून बघा. बंद पेटीला बॅकअप म्हणत नाहीत.

मग बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. काही बिनसलं तर मूळ आकडे हाताशी राहतात. मशीन सुरूच झालं नाही तर टेन्शन नको. प्लग काढून मदरबोर्डवरच्या सीमॉस जंपरनं, किंवा तिथला गोल सेल थोडा वेळ काढून ठेवल्यावर, बायॉस पहिल्या सेटिंगवर येतो. तो जंपर कुठे आहे ते आजच मॅन्युअलमध्ये शोधून ठेवा.

एक वही घ्या. हो, कागदाची. तारीख, खोलीचं तापमान, काय बदललं, टेस्टमध्ये चिप किती तापली, आकडा किती आला. पहिली नोंद काहीच न बदलता करा. तापमान आणि व्होल्टेज बघायला एचडब्ल्यूइन्फो, जोर लावायला सिनेबेंच. दोन्ही फुकट मिळतात.

पहिली पायरी, रॅमचं प्रोफाइल. बॉक्सवर जेवढं लिहिलंय तेवढंच, एक आकडाही जास्त नाही. लगेच मेमटेस्ट ८६ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर लावा. चार फेऱ्या, शून्य एरर. ‘एकच तर आलाय’ असं इथे चालत नाही. एक म्हणजे नापास. मग स्पीड एक पायरी खाली घ्या आणि परत टेस्ट.

दुसरी पायरी, प्रोसेसर. रायझनवर पीबीओ नावाची सोय असते. ती चिपला थोडी मोकळीक देते, पण तापमान आणि करंटची राखण चिप स्वतःच करते. नवशिक्याला यापेक्षा सुरक्षित रस्ता नाही. त्याच्याच शेजारी कर्व्ह ऑप्टिमायझर असतो. त्यात उणे १० टाकलं तर प्रत्येक स्पीडला चिप थोडं कमी व्होल्टेज मागते. उणे एक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. कमी व्होल्टेज, कमी उष्णता, म्हणून जास्त स्पीड. मघाचा ३३ टक्क्यांचा तोट्याचा सौदा इथे उलटा फिरतो! उणे १० जमलं तर उणे १५. इंटेलच्या के प्रोसेसरवर गुणक एकानं वाढवा, आणि व्होल्टेज आपोआप किती चढतंय यावर डोळा ठेवा. काहीही असो, एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि बिघडलं, तर दोष कुणाचा ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तिसरी पायरी, टेस्ट. आणि इथे मला प्राइम ९५ बद्दल सांगायचंय. हे सॉफ्टवेअर मुळात ओव्हरक्लॉकिंगसाठी बनलंच नाही. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधायला एक सामुदायिक उपक्रम सुरू केला, त्याचं हे गणित करणारं यंत्र. एका चुकीच्या आकड्यानं आठवड्यांची मेहनत वाया जाऊ नये, म्हणून त्यात स्वतःचीच उत्तरं पडताळून बघायची सोय ठेवली. त्यामुळे ते नुसतं मशीनला घाम फोडत नाही, तर उत्तर बरोबर आलं का तेही बघतं. ठेका ओळखणारा कान, तो हाच! एक तास तरी चालवा. खिडकीत कुठेही एरर दिसली की एक पायरी मागे.

तेवढ्यात तापमान बघत राहा. बहुतेक आधुनिक चिप्सची कमाल मर्यादा ९० ते १०० डिग्री सेल्सियसच्या दरम्यान असते. तिथे पोचल्यावर त्या स्वतःच स्पीड कमी करतात. मग काय मिळवलं? मी रोजच्या कामात ८० ची लक्ष्मणरेषा आखून घेतलीये.

आणि एक चकवा. व्होल्टेज कमी केलेलं मशीन भरपूर काम दिल्यावर पास होतं आणि नुसतं गाणं ऐकताना अचानक रीस्टार्ट होतं. कारण हलक्या कामात एखादाच कोअर एकदम वरच्या स्पीडवर उडी मारतो. म्हणून टेस्टनंतर दोन दिवस साधा वापर करा. स्लीप करा, उठवा, रात्रभर रिकामं चालू ठेवा. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि हार्डवेअर एररची एकही नोंद नाही ना, ते बघा. मैत्रिणीला सांगितलेले दोन दिवस ते हेच.

शेवटची पायरी सगळ्यात अवघड. जिथे पास झालात, तिथून एक घर मागे या. उणे २० ला पास असाल तर उणे १५ वर राहा. तो उरलेला घास मे महिन्यासाठी ठेवा.

आजची माझी सेटिंग? रॅम ३६००, कर्व्ह उणे १५, पीबीओ ऑन. सिनेबेंचमध्ये आधीपेक्षा ५ टक्के जास्त. फॅनचा आवाज आधीपेक्षा कमी. ३८०० चा मोह अधूनमधून होतो. मग वही उघडते. पहिल्याच पानावर दोन फाइल्सची नावं लिहून ठेवलीयेत.

खिशात ठेवा

• आधी बॅकअप, मग बायॉस. बॅकअप उघडून बघायचा.
• एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत.
• रॅमच्या टेस्टमध्ये एक एरर म्हणजे नापास.
• पहिलं वर्ष हातानं व्होल्टेज वाढवायचं नाही.
• ज्या मशीनवर घरचे फोटो, हिशेब किंवा ऑफिसचं काम आहे, तिथे आकड्यापेक्षा खात्री महत्त्वाची.
• मे महिन्यात पुन्हा टेस्ट.

जाता जाता

जानेवारीत परत पाटणला गेले. आजीला म्हटलं, ते भूकंपाचं परत सांग ना, माझ्याकडून गेलं. ‘अगं बाई, सांगितलं की एकदा. परत काय सांगायचं त्यात?’ म्हणाली. पण सांगितलं. ओव्याही म्हटल्या, थोड्या वेगळ्या, आणि मला वाटतं जास्त चांगल्या.

भूकंपाचं मात्र लवकर संपलं. आधी ती जिथे गप्प झाली होती, ती जागा आली तेव्हा मी श्वास रोखून बसले. ती फक्त ‘मग काय, झालं सगळं’ एवढंच बोलली आणि चहा ठेवायला उठली.

हे रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवलंय. तिन्ही उघडून बघितलेत.